वाफसा नसलेलं समीकरण

चाकणला कारखान्यांच्या कुंपणापलीकडे काळं रान आहे. पहिल्या पावसानंतर तिथल्या शेतकऱ्याला विचारा, ट्रॅक्टर घालायचा का? तो म्हणेल, "थांबा, वाफसा येऊ द्या."

आमच्या विषयातलं सगळ्यात गाजलेलं समीकरण एवढं थांबत नाही. एम. जी. बेकर यांनी १९५६ च्या 'थिअरी ऑफ लँड लोकोमोशन'मध्ये ते मांडलं. वेगवेगळ्या रुंदीच्या दोन पाट्या जमिनीत दाबा, दाब आणि खोली मोजा, तीन स्थिरांक काढा. मग चाक किंवा रणगाड्याचा पट्टा किती रुतेल ते सांगता येतं. कल्पना साधी आणि सुंदर आहे. १९७१ मध्ये चंद्रावर गेलेल्या गाडीमागेही बेकर यांचं काम होतं.

पण चंद्रावर पाऊस पडत नाही! काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. स्थिरांक मोजले त्या दिवसापुरतेच खरे. वाँग यांच्या प्रसिद्ध तक्त्यात थायलंडची चिकणमाती दोनदा येते, ३८ आणि ५५ टक्के ओलाव्याला, आणि आकडे वेगळे आहेत. शिवाय चिखलाने टायरच्या खाचा भरल्या की पकड जाते. तो चिखल या समीकरणात कुठेच नाही.

दोष बेकर यांचा नाही. तक्त्यातला आकडा उचलून संगणकात टाकणाऱ्या आपला आहे. ओल्या रानात चाक फिरलं की माती दबते, आणि भोगतं पुढचं पीक. म्हणून सिम्युलेशनचा रंगीत आलेख दिसला की तुम्ही आधी विचारा: माती कुठली, आणि ओलावा किती?