ऊर्ध्वदर्शन आणि संपादन : रिंगणाच्या ड्रोन-छायाचित्रांविषयी काही विचार

१

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील नातेपुते हे गाव ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे ठिकाण म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. सातारा जिल्हा मागे टाकून पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते, नातेपुते येथे विसावते, आणि दुसऱ्या दिवशी माळशिरसच्या वाटेवर पुरंदावडे येथे, म्हणजे सदाशिवनगरच्या परिसरात, गोल रिंगण होते. या रिंगणाचे आकाशातून घेतलेले छायाचित्र हा अलीकडे मराठी दृश्यसंस्कृतीतील जवळजवळ स्वतंत्र प्रकारच होऊन बसला आहे. उद्धव ठाकरे यांचा ‘पहावा विठ्ठल’ हा वारीच्या छायाचित्रांचा ग्रंथ २०११ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दृश्य टिपावयाचे तर हेलिकॉप्टर लागे. आज अडीचशे ग्रॅमहूनही कमी वजनाचे यंत्र हेच काम करते, आणि ते चालविणारा पुष्कळदा त्याच तालुक्यातील एखादा विद्यार्थी अथवा लग्नसमारंभांची छायाचित्रे घेणारा तरुण असतो.

साधन सर्वांच्या हाती आले ही इष्ट गोष्ट होय. परंतु हे छायाचित्र आपल्यापुढे येते ते यंत्रातून उतरले तसे क्वचितच येते. ते संगणकावर अथवा दूरध्वनीवर संपादित होऊन येते, आणि नवशिक्याच्या हातून होणाऱ्या या संपादनाचे काही ठराविक संकेत आता रूढ झाले आहेत : धुरकटपणा काढावा, सावल्या उजळाव्यात, हिरवा व भगवा रंग गडद करावा, नको ते पुसून टाकावे. हे संकेत जमिनीवरून घेतलेल्या छायाचित्रांच्या अनुभवातून आलेले आहेत. ऊर्ध्वदर्शी छायाचित्रास ते जसेच्या तसे लावले असता चित्राचा अर्थच पालटतो, असे येथे प्रतिपादावयाचे आहे.

२

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. संपादन म्हणजे अप्रामाणिकपणा, आणि असंपादित चित्र म्हणजे सत्य, अशी विभागणी छायाचित्रणाच्या इतिहासात कधीच टिकलेली नाही. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० नंतरच्या दशकात समुद्र एका काचेवर आणि आकाश दुसऱ्या काचेवर टिपून दोहोंचे एक चित्र सिद्ध केले, कारण त्या काळच्या रसायनांस दोन्हींची प्रकाशमाने एकाच वेळी झेपत नसत. त्याच सुमारास, १८५८ साली, नादार याने बलूनमधून पॅरिसजवळचे पहिले आकाशचित्र घेतले. ते आज उपलब्ध नाही. जेम्स वॉलेस ब्लॅक याने १८६० साली घेतलेले बॉस्टन शहराचे चित्र हे टिकून राहिलेल्यांपैकी सर्वांत जुने मानले जाते. तात्पर्य, आकाशचित्र आणि संपादन या दोन्ही प्रथा जवळजवळ समवयस्क आहेत.

अंकीय छायाचित्रात तर संपादन अटळच असते. ड्रोनमधील कॅमेरा जे ‘जेपेग’ चित्र देतो ते यंत्राने आधीच संपादिलेले असते : रंग ठरविलेले, कडा धारदार केलेल्या, कण पुसलेले; आणि प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या शिल्लक ठेवलेल्या. ज्यास छायाचित्रकार ‘रॉ’ म्हणतात त्या नोंदीत बारा बिटांच्या हिशेबाने ४०९६ पायऱ्या असतात, आणि निर्णय माणसाच्या हाती राहतो. म्हणून नवशिक्याने ‘रॉ’ नोंद घ्यावी हा सर्वत्र दिला जाणारा उपदेश योग्यच आहे. परंतु तो उपदेश येथेच थांबतो. निर्णय हाती आल्यावर तो कोणत्या तत्त्वाने घ्यावा, हा समीक्षेचा प्रश्न मागे उरतोच.

३

पुरंदावड्याच्या रिंगणाचे एक प्रातिनिधिक चित्र डोळ्यांपुढे आणावे. मध्यभागी पालखी, तिच्याभोवती दिंड्यांचे वर्तुळ, मग मोकळी ठेवलेली धावेची वाट, आणि तिच्या बाहेर दाटलेला जनसमुदाय. या वाटेवरून पताकाधारी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया धावतात, विणेकरी व पखवाजवादक धावतात, आणि अखेर दोन अश्व धावतात : एकावर जरीपटका घेतलेला स्वार, आणि दुसरा, ज्यावर कोणी बसत नाही असा माउलींचा अश्व. धाव संपताच वारकरी त्या अश्वाच्या टापांखालची माती उचलून कपाळी लावतात.

आषाढाच्या आरंभी पाऊस झाला नसेल तर या धावेबरोबर धूळ उठते. वरून घेतलेल्या चित्रात ती अश्वाच्या मागे फिकट पिवळसर पट्ट्यासारखी दिसते. आता संपादनाच्या साधनांत ‘डिहेझ’ नावाची एक सरकपट्टी असते; ‘लाइटरूम’मध्ये ती २०१५ साली आली. हवेतील कणांनी विखुरलेला प्रकाश चित्रात मिसळून त्याचा उठाव कमी करतो, असे गृहीत धरून ती तो प्रकाश हिशेबाने वजा करते. दूरच्या डोंगराच्या चित्रात हे गृहीतक बहुतांशी खरे ठरते. रिंगणाच्या चित्रात मात्र वातावरणाचा धुरकटपणा कोणता आणि टापांची धूळ कोणती, हे त्या सरकपट्टीस कळत नाही. ती दोन्ही पुसावयास धावते. पट्टी उजवीकडे सरकताच माती काळवंडते, पताका भडकतात, आणि अश्व एका स्वच्छ, निर्वात वाटेवर चिकटविल्यासारखा उभा राहतो.

वस्तुतः त्या स्थिर चित्रात गतीची खूण म्हणून धुळीवाचून दुसरे फारसे काही नव्हते. वरून पाहिलेल्या घोड्याचे पाय दिसत नाहीत. त्याची पाठ तेवढी दिसते. तो धावतो आहे हे धूळ सांगते, किती वेगाने व कोणत्या दिशेने हेही तीच सांगते. शिवाय ज्या मातीसाठी सहस्रावधी माणसे वाकणार आहेत, तीच चित्रात दोष म्हणून गणली जाते. वारकऱ्यास जी माती मस्तकी धारण करावीशी वाटते ती संपादकास डाग वाटावी, हा केवळ तांत्रिक मतभेद नव्हे.

४

सावलीचा प्रश्न याहूनही मूलगामी आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड याने १९२८ साली अलेक्झांडर केलर याच्यासमवेत ‘वेसेक्स फ्रॉम द एअर’ हा आकाशचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीवरून चालताना ज्यांचा मागमूस लागत नाही असे प्राचीन बांध आणि खंदक सूर्य क्षितिजाजवळ असताना आपल्या लांब सावल्यांनी आकाशातून स्पष्ट दिसतात, हे या अभ्यासशाखेने दाखवून दिले. त्यातील मर्म असे की, सरळ खाली पाहणाऱ्या चित्रात उंची सावलीतूनच वाचता येते. क्षितिज नाही, पुढचे-मागचे नाही. जी काही तिसरी मिती उरते ती छायेत साठलेली असते.

नातेपुते परिसराचे अक्षांश सुमारे १८ अंश उत्तर आहेत. आषाढी वारीच्या दिवसांत सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर असतो, आणि उभ्या माणसाची सावली वीतभरही पडत नाही. त्या वेळी घेतलेल्या चित्रात वारकरी म्हणजे एक पांढरा ठिपका होतो. उलट सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास सावली माणसाच्या उंचीइतकी असते. तेव्हा जमिनीवर पडलेल्या छायेत वीणा दिसते, पताकेची काठी दिसते, तुळशीचे वृंदावन दिसते. वरून माणसाचा चेहरा मिळत नाही, पण त्याची आकृती सावलीने परत मिळते.

नवशिका मात्र ‘शॅडोज’ची पट्टी ओढून याच सावल्या फिकट करतो, कारण काळे भाग उजळावेत असे त्यास शिकविलेले असते. माध्यान्हीच्या सपाट चित्रात उठाव आणण्यासाठी तो पुन्हा ‘क्लॅरिटी’ वाढवितो आणि प्रत्येक ठिपक्याभोवती एक खोटी कडा निर्माण होते. याहून शहाणा मार्ग म्हणजे पांढऱ्या वस्त्रांचा तपशील जळून जाणार नाही इतका कमी प्रकाश घेणे आणि नंतर मध्यम छटा हलकेच वर आणणे. तीन निरनिराळ्या प्रकाशमानांची चित्रे एकत्र करण्याची युक्ती येथे उपयोगी नाही : तिन्हींच्या दरम्यान अश्व पुढे सरकलेला असतो, आणि एकाच घोड्याच्या दोन पाठी दिसू लागतात.

५

येथे एक आक्षेप विचारात घेणे न्याय्य ठरेल. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ सालच्या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीची घटना उलगडली. त्या दृष्टीने कोणी म्हणेल की रिंगणाचे आकाशचित्र ही समकेंद्री वर्तुळांची, पांढऱ्या-भगव्या-तपकिरी रंगांची एक रचना आहे. तिची लय अधिक शुद्ध व्हावी म्हणून धूळ काढली, कडेचे पाण्याचे टँकर पुसले, किंचित लंबगोल झालेले वर्तुळ अचूक गोल केले, तर बिघडले कोठे?

आक्षेप वजनदार आहे, आणि चित्रकाराच्या बाबतीत तो बहुधा मान्यही करावा लागेल. परंतु छायाचित्राच्या लयीत एक घटक असा आहे की जो चित्रकाराच्या रंगात नाही : हे घडले होते, ही प्रेक्षकाची खात्री. पुरंदावड्याचे वर्तुळ कंपासाने काढलेले नाही. माणसांनी एकमेकांस सरकवून, दटावून, हात धरून ते राखलेले आहे. त्याचा एखादा वाकडा भाग हाच त्या प्रयत्नाचा पुरावा होय. भिंगामुळे आलेली वक्रता सुधारणे हे यथार्थतेकडे नेणारे संपादन आहे. गर्दीमुळे आलेली वक्रता सुधारणे हे तिच्यापासून दूर नेणारे. पडद्यावर दोन्ही कृती सारख्याच दिसतात. त्यांची नीती भिन्न आहे. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत २०१५ साली उपान्त्य फेरीतील सुमारे २० टक्के छायाचित्रे अशाच अतिरेकी फेरफारामुळे बाद करण्यात आली, यावरून हा प्रश्न केवळ नवशिक्यांपुरता नाही हे ध्यानी यावे.

६

रिंगणाबाहेर पडून भोवतालची जमीन पाहिली तरी हेच तत्त्व दिसते. माळशिरस तालुका पर्जन्यछायेत येतो. नीरा उजव्या कालव्याचे पाणी जेथे पोहोचते तेथे ऊस उभा राहतो. शिखर शिंगणापूरच्या बाजूची माळराने बव्हंशी पावसावर विसंबलेली असतात. आकाशातून पाहता हिरवा आणि करडा यांच्यामधील ही सीमा एखाद्या नकाशावरील रेघेसारखी उमटते. त्या रेघेच्या एका बाजूस बागायतदार आहे, दुसऱ्या बाजूस जिरायतदार. ‘व्हायब्रन्स’ची पट्टी फिक्या रंगांवर अधिक जोर देत असल्यामुळे माळावरील विरळ, सुकत चाललेले गवतही हिरवे होऊन उठते आणि सीमा पुसट होते. चित्र अधिक प्रसन्न होते. तालुक्याविषयीचे एक कठोर सत्य त्यातून निघून जाते. यंत्राने प्रत्येक चित्रात आपोआप ठरविलेले रंगतापमानही असाच घोटाळा करते : शेतावरून मातीवर जाताच त्याचा अंदाज बदलतो, आणि एकाच दिवसाची जमीन दोन ऋतूंची वाटते. रंगतापमान एकदा ठरवून सर्व चित्रांस तेच लावणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

७

मग नवशिक्याने कोणती कसोटी लावावी? चित्र जसे डोळ्यांस दिसले तसे ठेवावे, हे उत्तर येथे अपुरे पडते; कारण त्या उंचीवरून कोणाच्याच डोळ्यांनी ते पाहिलेले नसते. संपादित चित्र रिंगणात धावलेल्या माणसास दाखवावे आणि त्यातील वस्तू त्यास ओळखता येतात की नाही हे पाहावे, ही कसोटी अधिक उपयुक्त वाटते. दृश्य त्यास नवे वाटेल, वाटलेच पाहिजे. पण माती त्याच्या पायाखालचीच असावी, ऊन त्या दिवसाचेच असावे, आणि जो टँकर त्याची तहान भागवून गेला तो चित्रात जागेवर असावा.

संशोधनाच्या दृष्टीने याचे महत्त्व अधिकच आहे. याच वाटेवरील पालखी महामार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसविण्यात आली. त्याच्या आदल्या वर्षी आणि त्या वर्षीही महासाथीमुळे पायी वारी होऊ शकली नव्हती. रस्ता, झाडे, शेते आणि गर्दीचा आकार ही सर्व बदलत आहेत, आणि या बदलाची सर्वांत विपुल नोंद व्यावसायिकांपाशी नसून तालुक्यातील हौशी छायाचित्रकारांपाशी आहे. ती पुढे अभ्यासकांच्या उपयोगी पडावयाची असेल, तर मूळ ‘रॉ’ नोंद, दिनांक, वेळ व स्थळ यांसह जपली जावी, आणि प्रसिद्ध केलेल्या चित्रासोबत काय सुधारले व काय काढले हे दोन ओळींत लिहिले जावे. हस्तलिखिताचा संपादक पाठभेद नोंदविल्यावाचून शब्द बदलत नाही. आपल्या विभागांत ही शिस्त दीर्घकाळ शिकविली जात आहे. ती पाठ्यापुरती मर्यादित ठेवण्याचे काही कारण दिसत नाही.