जे अ‍ॅप उघडलं जात नाही, ते निरुपयोगी असतं का?

आज एका पेपरशी भांडायचंय. पेपर चांगला आहे, म्हणूनच भांडण्यात अर्थ आहे. २०१५ च्या मोबिकॉम परिषदेत पर्ड्यू विद्यापीठातले शाओमेंग चेन, अभिलाष जिंदाल, निंग डिंग, वाय. चार्ली हू आणि इंटेलमधले त्यांचे सहकारी यांनी 'स्मार्टफोन बॅकग्राउंड अ‍ॅक्टिव्हिटीज इन द वाइल्ड' हा अभ्यास मांडला. फोनची स्क्रीन बंद असताना अ‍ॅप्स मागे काय काय करत असतात, त्यात बॅटरी किती जाते, आणि त्यातलं कुठलं काम थांबवलं तरी माणसाला फरक पडणार नाही, असे तीन प्रश्न त्यात आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला पटतात. तिसऱ्याचं पटत नाही, आणि तिसरंच उत्तर आज वेगवेगळ्या रूपांत आपल्या सगळ्यांच्या खिशात बसलेलं आहे.

जे या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी पायाभरणी. अँड्रॉइडचं अ‍ॅप सुरू झालं की त्याला एक मुख्य थ्रेड मिळतो. थ्रेड म्हणजे एकामागून एक कामं उरकणारी रांग. कांजूरमार्ग स्टेशनवर तिकिटाची एकच खिडकी उघडी आहे अशी कल्पना करा. तुम्ही बटण दाबलं, बोटाने स्क्रीन सरकवली, अक्षर टाइप केलं, ते सगळं त्याच खिडकीवर येतं. मध्येच कोणी पासाचं नूतनीकरण, पत्ताबदल आणि वर सुट्ट्या पैशांचा वाद असं मोठं प्रकरण घेऊन आलं, की मागची रांग तुंबते. स्पर्शाला पाच सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही तर अँड्रॉइड म्हणतं, हे अ‍ॅप प्रतिसाद देत नाही, बंद करायचं का? म्हणून नेटवर्क, फाइल, डेटाबेस अशी वेळखाऊ कामं दुसऱ्या थ्रेडवर टाकायची.

इथे एक गैरसमज इतका पसरलाय की मुलाखतीतही ऐकू येतो. 'सर्व्हिस' म्हणजे वेगळा थ्रेड, असं अनेकांना वाटतं. तसं नाहीये. सर्व्हिस मुद्दाम वेगळी सोय केली नाही तर त्याच मुख्य थ्रेडवर चालते. सर्व्हिस म्हणजे फक्त सिस्टिमला दिलेली सूचना, की स्क्रीनवर मी दिसत नसलो तरी माझं काम अजून बाकी आहे. थ्रेडचा प्रश्न आहे 'काम कुठल्या रांगेत?', तर सर्व्हिसचा प्रश्न आहे 'मला जिवंत का ठेवायचं?'. पहिला प्रश्न प्रोग्रामरच्या हातात आहे. कोरूटीन वापरा, थ्रेडपूल वापरा, तुमची मर्जी. दुसऱ्याचा निकाल मात्र फोन देतो. या लेखातलं भांडण त्या निकालाबद्दल आहे.

आता पेपरकडे. दोन हजार गॅलेक्सी एस३ आणि एस४ फोन, प्रत्यक्ष माणसं वापरत असलेले, ६१ देशांतले. प्रयोगशाळेत टेबलावर ठेवलेल्या दोन फोनांवर निष्कर्ष काढायची आपल्याकडची (आणि सगळीकडचीच) सवय पाहता हे मोठंच काम. वीज कोणी खाल्ली याचा हिशेबही वाटतो तितका सोपा नसतो. डेटा पाठवून झाल्यावर रेडिओ लगेच झोपत नाही, काही सेकंद जागाच राहतो. एवढ्यात दुसऱ्या अ‍ॅपने डेटा पाठवला, तर त्या जागरणाचं बिल कोणाच्या नावावर? याच गटाने २०१२ मध्ये 'ईप्रॉफ' नावाचं साधन बनवून हा हिशेब मांडला होता. तेव्हा तपासलेल्या फुकट अ‍ॅप्समध्ये ६५ ते ७५ टक्के ऊर्जा जाहिरातींसारख्या तिसऱ्याच कोणाच्या मॉड्यूलवर जाते असं निघालं होतं. म्हणजे गेम तुम्ही खेळायचा आणि बॅटरी जाहिरातवाल्याने खायची.

खटका उडतो तो उपयुक्ततेच्या मापावर. बॅकग्राउंडमधलं कुठलं काम उपयोगाचं, हे ठरवायला लेखक एक सहसंबंध वापरतात. अ‍ॅपने स्क्रीन बंद असताना काही काम केलं, तर त्यानंतर स्क्रीन चालू झाल्यावर त्या माणसाने ते अ‍ॅप उघडलं का? वारंवार उघडत असेल तर काम उपयोगी. उघडत नसेल तर ते काम त्या माणसासाठी फुकट. माप प्रत्येक वापरकर्त्याचं वेगळं, ही त्यातली छान गोष्ट. या मापावर चालणारी 'हश' नावाची प्रणाली बिनउपयोगी ठरलेली कामं दाबून टाकते आणि स्क्रीन बंद असतानाच्या ऊर्जेत सरासरी १५.७ टक्के बचत करते.

बातम्यांच्या अ‍ॅपला, सोशल मीडियाला हे माप अगदी चपखल बसतं. जे फीड मी दिवसात एकदाही बघत नाही ते तासातासाला ताजं करून ठेवायचं कशाला? पण या मापात एक कथानक गृहीत धरलंय: आधी अ‍ॅप मागे काम करतं, मग माणूस येऊन त्याचं फळ बघतो. सगळी अ‍ॅप्स या कथानकात बसत नाहीत.

रात्री उशिरा कांजूरमार्गहून डोंबिवलीची स्लो पकडणारा माणूस घ्या. भांडुप, नाहूर, मुलुंड, ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, मग डोंबिवली. ठाण्याच्या आसपास बसायला मिळालं की डोळा लागणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो चढतानाच स्टेशनचा अलार्म लावतो. 'व्हेअर इज माय ट्रेन'सारखी अ‍ॅप्स इंटरनेट किंवा जीपीएस नसताना मोबाइल टॉवरवरून गाडी कुठे आली याचा अंदाज घेतात आणि उतरायच्या आधी उठवायची सोयही देतात. इथे अ‍ॅप उघडणं आधी आणि मागचं काम नंतर. अलार्म वाजल्यावर माणूस अ‍ॅप उघडून बघत बसत नाही. तो फोन खिशात कोंबतो, बॅग ओढतो आणि दाराकडे सरकतो. 'नंतर उघडलं का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही'. पण त्याच्या दिवसातलं सगळ्यात उपयोगी काम त्या अ‍ॅपने केलं.

मोठं उदाहरण हवं असेल तर आरोग्य सेतू आठवा. एप्रिल २०२० मध्ये आलं. त्याच्या गोपनीयतेबद्दल पुष्कळ वाद झाले, ते रास्तही होते, पण तो आजचा विषय नाही. ब्लूटूथवरून आसपासचे फोन नोंदवत राहायचं, हे त्याचं मुख्य काम. ते काम चालतं तेव्हा बघण्यासारखं काहीच नसतं. कोणी बाधित भेटलं नाही तर अ‍ॅप कायम गप्प, आणि ते गप्प राहणं हीच चांगली बातमी. सहसंबंधाच्या मापाने हे अ‍ॅप केव्हाच दाबलं गेलं असतं. सिंगापूरच्या 'ट्रेसटुगेदर'ला आयफोनवर ही अडचण प्रत्यक्ष आली. अ‍ॅप समोर उघडं नसलं की ब्लूटूथचं काम नीट होईना. शेवटी अ‍ॅपल आणि गूगल यांनी मिळून संपर्कनोंदीची सोय थेट फोनच्या सिस्टिममध्येच दिली. म्हणजे प्लॅटफॉर्मच्या मालकांनी अप्रत्यक्षपणे मान्यच केलं, की काही मागची कामं उघडण्याच्या संख्येवर तोलायची नसतात.

आणि आता ज्या उदाहरणामुळे मी हे लिहायला बसले, ते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप. देशभर बसवलेल्या सेन्सरांच्या जाळ्यावरून वीज कुठे पडतेय हे कळतं, आणि तुमच्यापासून २० किंवा ४० किलोमीटरच्या टप्प्यात धोका असेल तर फोनवर सूचना येते. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात, त्यांतली बरीच शेतात काम करणारी. आपल्याकडे जिल्हा प्रशासनं पावसाळ्याच्या तोंडावर हे अ‍ॅप घ्यायला सांगतात.

आता गावाकडच्या एखाद्या काकांचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात पुतण्याने अ‍ॅप टाकून दिलं, लोकेशनची परवानगी दिली, एकदा उघडून दाखवलं. पावसाळा गेला. ऑक्टोबरनंतर ते अ‍ॅप उघडायचं कारणच काय? अँड्रॉइड ११ पासून काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या सिस्टिम आपणहून काढून घेते. अँड्रॉइड १२ पासून तर अशा अ‍ॅपला सुप्तावस्थेत टाकलं जातं: त्याची मागची कामं आणि अलार्म चालत नाहीत, आणि सर्व्हरने पाठवलेले पुश संदेशही पोचत नाहीत. धोक्याची सूचना देणारं अ‍ॅप दोन प्रकारे बांधता येतं. एकतर फोनवरच मागे सर्व्हिस चालवून, नाहीतर सर्व्हरवरून पुश पाठवून. सुप्तावस्थेत दोन्ही दारं बंद. पुढच्या जूनमध्ये काकांच्या फोनवर दामिनीचं चित्र दिसतंय, म्हणून घरचे निर्धास्त.

'न वापरलेलं' म्हणजे काय, याची अँड्रॉइडची व्याख्या तर बघाच. अ‍ॅप उघडलं तर वापर. नोटिफिकेशनवर बोट ठेवलं तरी वापर. पण नोटिफिकेशन नुसती बाजूला सारली, तर तो वापर धरत नाहीत. विजेची सूचना वाचली, ती सरकवून टाकली आणि बैल घेऊन घराकडे धावत सुटलं, तर फोनच्या हिशेबी तुम्ही ते अ‍ॅप वापरलंच नाही.

हे नियम त्या पेपरमधून निघाले असा माझा दावा नाही. पण विचार एकाच घरातला आहे. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ ने डोझ आणलं: स्क्रीन बंद आणि फोन एका जागी पडून असला की मागची कामं ठरावीक खिडक्यांपुरतीच. पुढच्या वर्षी त्याचं सौम्य रूप खिशातल्या चालत्या फोनलाही लागू झालं. २०१७ मध्ये मागे चालणाऱ्या सर्व्हिसवर सरळ मर्यादा आली. २०१८ मध्ये वापराच्या वारंवारतेनुसार अ‍ॅप्सची वर्गवारी आली, आणि क्वचित वापराच्या वर्गातल्या अ‍ॅपचं काम चोवीस तासांपर्यंत पुढे ढकललं जाऊ शकतं असं ठरलं. प्रत्येक पायरीला कारण होतंच, पण 'उघडणं म्हणजे उपयोग' हे समीकरण पायरीगणिक घट्ट होत गेलं.

यावर तयार असलेलं उत्तर म्हणजे सवलतीची यादी. महत्त्वाच्या अ‍ॅप्सना बॅटरीच्या नियमांतून सूट द्या, संपलं! कागदावर ठीक. पण यादी कोण करणार? वापरकर्त्याला ती सेटिंग सापडत नाही. अ‍ॅपने थेट विचारायचं तर प्ले स्टोअरचे नियम आडवे येतात. त्यात फोन बनवणाऱ्या कंपन्या अँड्रॉइडच्या वर आपापले कडक नियम लावतात. 'डोंट किल माय अ‍ॅप' ही वेबसाइट याच तक्रारीतून उभी राहिली आणि तिथे कंपन्यांना गुण दिलेले आहेत. गूगलच्या नियमपुस्तकाप्रमाणे बिनचूक लिहिलेलं अ‍ॅपसुद्धा एखाद्या स्वस्त फोनवर स्क्रीन बंद झाल्यावर मारलं जातं. एस३ आणि एस४ हे त्यांच्या काळातले महागडे फोन होते. कमी मेमरीच्या फोनवर अ‍ॅपचं मरण आधी येतं, आणि शेतात काम करणाऱ्याच्या हातात बहुधा तोच फोन असतो.

आता उलट बाजूही बोलायला हवी, नाहीतर अन्याय होईल. फोन इतका संशयी झाला तो आम्हा प्रोग्रामर लोकांमुळेच. दर मिनिटाला सर्व्हरला 'काही नवीन?' विचारणारी सर्व्हिस, एकदा घेतलेला वेकलॉक परत न सोडणं, पुश संदेशाने भागलं असतं तिथे कायम जीपीएस चालू ठेवणं. वेकलॉक म्हणजे 'प्रोसेसरला झोपू देऊ नका' ही विनंती. ती सोडायची राहून गेली की फोन उशीखाली रात्रभर तापतो. आधी पंधरा मिनिटांनी चालेल अशा कामासाठी वर्कमॅनेजर आहे, आणि वापरकर्त्याला माहीत असलेल्या लगेचच्या कामासाठी फोरग्राउंड सर्व्हिस. तिची नोटिफिकेशन दिसत राहते म्हणून ती 'कुरूप' वाटते आणि लपवायच्या युक्त्या शोधल्या जातात. स्टेशनच्या अलार्मला तर ती नोटिफिकेशन हवीच. ती दिसत नसेल तर अलार्म जागा आहे की गेला, हे झोपणाऱ्याला कळणार कसं?

मग मापाचं काय करायचं? माझ्या मते प्रश्न उलटा विचारायला हवा. हे काम उशिरा झालं किंवा झालंच नाही तर त्या माणसाचं किती नुकसान, आणि त्या कामाला किती वेळाची मुदत आहे? बातमी तासभर उशिरा आली तर काही बिघडत नाही. डोंबिवली तीन मिनिटं उशिरा कळली तर ठाकुर्ली येतं. विजेची सूचना दहा मिनिटं उशिरा आली तर तिला सूचना म्हणता येत नाही. असं नुकसान फोनच्या नोंदींत दिसत नाही. उघडण्याची संख्या दिसते, म्हणून ती मोजली जाते. संशोधकाने इथे माणसांना विचारायला हवं, वेळापत्रकाशी ताडायला हवं, ऋतू धरायला हवा. दोन आठवड्यांच्या नोंदींत पावसाळा सापडत नाही. 'वापरकर्त्याच्या अनुभवावर अगदी कमी परिणाम' हे वाक्य या प्रकारच्या पेपरांमध्ये फार सहज येतं. कुठल्या वापरकर्त्याच्या आणि कुठल्या महिन्यातल्या, हे त्याला जोडून लिहिलं पाहिजे.

तोवर जीवघेण्या सूचनांसाठी अ‍ॅपवर भिस्त कमी ठेवणं शहाणपणाचं. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश, त्यात अ‍ॅप नाही, सर्व्हिस नाही, थ्रेड नाही. तिथे आपण किती वेळा काय उघडतो हे कोणी मोजत नाही.

आणि घरच्यांच्या फोनवर दामिनी असेल तर एक काम आजच करा. सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, त्यात दामिनी, आणि खाली 'न वापरल्यास अ‍ॅपचं काम थांबवा' अशा अर्थाचा जो खटका आहे तो बंद करा. लोकेशनची परवानगी अजून शाबूत आहे का तेही तिथेच दिसेल. फोनच्या कंपनीची बॅटरीची वेगळी यादी असते, तिथेही एकदा बघा. एवढं करूनही मेच्या शेवटी ते अ‍ॅप एकदा उघडायला सांगाच.