पट मोठा की नियम मोठे?

शाळेत बुद्धिबळ शिकवताना दोन वाक्ये हमखास सांगितली जातात. हा खेळ भारतात जन्मला, आणि तो खेळल्याने गणित सुधारते. पहिल्याला बऱ्यापैकी आधार आहे. दुसरे मात्र तपासायला हवे. इंग्लंडमधील शंभर प्राथमिक शाळांत अशी चाचणी घेतली गेली. तिचा अहवाल २०१६ मध्ये आला. बुद्धिबळाचे धडे संपल्यावर वर्षभराने पाहिले, तेव्हा गणितात सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

मग या खेळातून शिकवावे काय? आमच्या मते, एक नियम बदलला की सारा खेळ कसा बदलतो, हे शिकवावे. त्यासाठी जपानी बुद्धिबळाकडे, म्हणजे शोगीकडे पाहू.

शोगीचा पट ९ × ९ घरांचा आणि मोहरी प्रत्येकी २०. ती एकाच रंगाची, पाचरीच्या आकाराची असतात. टोक ज्याच्याकडे रोखलेले, त्याच्या विरुद्ध बाजूचे ते मोहरे. रंग नसल्यामुळे एक गोष्ट साधते. मारलेले मोहरे फिरवून आपल्या बाजूने पुन्हा पटावर ठेवता येते! बुद्धिबळात मोहरी घटत जातात. सात किंवा कमी उरली, की संगणकाकडे प्रत्येक स्थितीचे उत्तर तयार असते. शोगीत मोहरी खेळातून कायमची बाद होतच नाहीत. त्यामुळे शेवट सोपा होत नाही आणि डाव क्वचितच बरोबरीत सुटतो.

जपानमध्ये याहून मोठे प्रकारही होते. चू शोगी १२ × १२ घरांची, तर ताइक्योकू शोगी ३६ × ३६, म्हणजे १२९६ घरांची आणि ८०४ मोहऱ्यांची. आकडे थक्क करणारे आहेत, पण खेळ म्हणून आम्हाला ते फुगवलेले वाटतात. या मोठ्या प्रकारांत मोहरी परत येत नाहीत. लोकांत रुजला तो लहान पटच. एका नियमाने जे साधले, ते शेकडो नव्या मोहऱ्यांनी साधले नाही.

'शोगी आपल्याकडूनच गेली' असेही ऐकू येते. सुमारे १०३० साली अल्बेरुनीने भारतीय खेळातील हत्तीची चाल नोंदवली आहे. एक घर पुढे किंवा चार तिरक्या घरांपैकी एक. शोगीतील 'रौप्य सेनापती' नेमका तसाच चालतो. १९९३ मध्ये नारा येथील कोफुकुजी मंदिराच्या आवारात शोगीची मोहरी सापडली. सोबतच्या लाकडी पट्टीवर १०५८ हे वर्ष आहे. नात्याचा संशय बळकट आहे, पण प्रवासाचा मार्ग सिद्ध झालेला नाही. शिवाय मोहरी परत आणण्याची कल्पना जपानचीच.

जपानने आपले नियम जपले. आपण? देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. शेवटच्या घरी पोचले की त्या उभ्या ओळीतल्या मूळ मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळे. राजाला एकदा घोड्याची चाल असे. म्हणजे कोणते प्यादे जपायचे, हा प्रश्नच वेगळा होता. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले, तेही 'युरोपीय पद्धतीला जुळवून'. देशी नियमांवर वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. जगाशी खेळायचे तर समान नियम हवेत, हे मान्य. पण त्यासाठी जुने विसरण्याची गरज नव्हती.

आमच्या छत्रपती संभाजीनगरजवळ वेरूळला शिवपार्वती खेळताना कोरलेले आहेत. तो फाशांचा खेळ आहे, बुद्धिबळ नव्हे. सहलीत मुलांना विचारा: फासा काढून टाकला तर त्या खेळात काय उरेल?

वर्गासाठी 'दोबुत्सू शोगी' उत्तम. २००८ चा हा खेळ १२ घरे आणि ८ मोहऱ्यांचा आहे, पुठ्ठ्यावर सहज होतो. २००९ मध्ये संगणकाने तो पूर्ण सोडवला. दोघेही अचूक खेळले तर दुसरा खेळाडू ७८ चालींत जिंकतो. आधी मारलेली मोहरी परत आणून दहा डाव खेळवा, मग तो नियम काढून दहा. किती डाव रखडले, किती निकाली लागले, याची नोंद मुलांनीच करावी आणि कारणेही त्यांनीच शोधावीत.