स्पायडरमॅनच्या मनातला हिशेब

किरणोत्सारी कोळी चावला आणि पीटर पार्करला शक्ती मिळाली, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. किरणोत्साराने पेशींना इजा होते, भिंतीवर चढता येत नाही, एवढे सांगितले की तो प्रश्न मिटतो. आम्हाला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो : मिळालेली शक्ती हा मुलगा इतरांसाठी का वापरू लागतो?

स्टॅन ली यांनी लिहिलेली आणि स्टीव्ह डिटको यांनी चितारलेली पहिली कथा ऑगस्ट १९६२ च्या अंकात आली. ती अवघी ११ पानांची. काका-काकूंनी वाढवलेला पीटर हुशार पण बुजरा. शाळेत टिंगलीचा विषय. शक्ती मिळताच तो समाजसेवेला निघत नाही, खेळ करून पैसे मिळवू लागतो. दुखावलेले मन म्हणते, जगाचे मी काय देणे लागतो? म्हणूनच पोलीस ओरडत असतानाही तो समोरून पळणाऱ्या चोराला अडवत नाही. पुढे तोच चोर बेनकाकांचा खून करतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. चोराला जाऊ दिले, ही पीटरची चूक. काकांचा मृत्यू हा त्याचा परिणाम. पण त्या क्षणी तो दिसणे शक्य नव्हते. पीटर मात्र दोन्ही एकाच खात्यावर मांडतो. आपलीही मने असेच करतात. १९७५ मध्ये बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने काही लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाचे वर्णन वाचायला दिले आणि निरनिराळ्या गटांना निरनिराळे शेवट सांगितले. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच अधिक संभवनीय वाटला. घडून गेलेली गोष्ट आधीच कळायला हवी होती, असे वाटण्याचे मूळ येथे आहे.

जून १९७३ च्या अंकात ही गल्लत अधिक स्पष्ट दिसते. खलनायक ग्वेन स्टेसीला उंच पुलावरून फेकतो. पीटर जाळे टाकून तिला अडवतो, पण ती मरते. एकदम थांबल्याच्या हिसक्याने ती गेली, असा खुलासा पुढे त्या मासिकानेच केला. संवेगातला बदल तेवढाच, पण वेळ फार थोडा. म्हणून बल प्रचंड. १९६२ मध्ये त्याने काहीच केले नव्हते, १९७३ मध्ये जिवाचे रान केले. तरी ओझे तो दोन्हींचे वाहतो. त्याचे मन हेतूकडे पाहत नाही, फक्त शेवट पाहते.

हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये अपराधभाव आणि शरम यांत फरक केला. 'मी वाईट वागलो' हा अपराधभाव. 'मीच वाईट' ही शरम. पहिला भरपाईकडे नेऊ शकतो, दुसरी माणसाला लपायला लावते. जुलै १९६७ च्या कथेत पीटर आपला पोशाख कचऱ्यात टाकतो, पण एका वृद्ध पहारेकऱ्याला वाचवताना त्याला काका आठवतात आणि तो परततो. हा अपराधभावाचा निरोगी चेहरा. आमची तक्रार आहे ती पुढच्या कथांबद्दल. त्यांत हे कर्ज कधी फिटतच नाही. फिटले, तर पुढचा अंक कशावर काढायचा? धंद्याची ही गरज वाचणाऱ्या मुलाला मात्र सद्गुण वाटू शकते.

आणि अशी मुले वर्गात असतात. 'मी भांडलो म्हणून आजोबा गेले' असे मनात धरून बसलेला मुलगा ते कुणाला सांगत नाही. त्याला 'विसरून जा' म्हणून भागत नाही. तेव्हा तुला काय ठाऊक होते, तुझ्या हातात काय होते आणि आता काय करता येईल, हे तीन प्रश्न त्याच्याबरोबर बसून सोडवावे लागतात. पीटरच्या गोष्टीवर ते आधी वर्गात विचारून पाहावेत. दुसऱ्याच्या दुःखावर बोलणे मुलांना सोपे जाते. आपली भाषाही तपासावी. 'गृहपाठ केला नाहीस' आणि 'तू आळशीच आहेस' या दोन वाक्यांत भरपाईची वाट फक्त पहिल्यात आहे.