मार्लो वाचताय? मग आधी सांगा, कोणता फॉस्टस?

ख्रिस्तोफर मार्लोवर काम करायचं म्हटलं की पहिली भुरळ पडते त्याच्या आयुष्याची. पडणारच! १५६४ साली कँटरबरीत जोडे बनवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्म, शिष्यवृत्तीवर केंब्रिज, सरकारी हेरगिरीचा संशय, नास्तिकपणाचे आरोप आणि ३० मे १५९३ रोजी डेप्टफर्डमध्ये वयाच्या २९व्या वर्षी भोसकून मृत्यू. मग संशोधन आराखड्यात आपसूक वाक्य उतरतं: 'फॉस्टस म्हणजे खुद्द मार्लोच.' मीही लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले: 'कोणता फॉस्टस?'

प्रश्न खोचक नव्हता, खरा होता. 'डॉक्टर फॉस्टस' मार्लोच्या हयातीत छापलंच गेलं नाही. आपल्या हाती दोन संहिता आहेत: १६०४ची 'ए' आणि १६१६ची, बरीच लांब असलेली 'बी'. मधल्या काळात, १६०२ मध्ये, नाट्यव्यावसायिक हेन्स्लोच्या हिशेबवहीत नोंद आहे की या नाटकात भर घालण्यासाठी दोन लेखकांना चार पौंड दिले. म्हणजे मार्लो गेल्यावर नऊ वर्षांनी नाटक वाढवलं जात होतं.

बरं, फरक फक्त लांबीचा आहे का? नाही. फॉस्टस आता उशीर झाला का असं विचारतो, तेव्हा 'ए'मधला देवदूत म्हणतो, पश्चात्ताप करता आला तर नाही. 'बी'मध्ये तो म्हणतो, पश्चात्ताप करशील तर नाही. एका क्रियापदाचा फरक! पण पहिल्यात माणसाच्या हातात काही आहे की सगळं आधीच ठरलंय, ही कॅल्व्हिनच्या काळातली भीती आहे; दुसऱ्यात निवड फॉस्टसचीच आहे. १९५० मध्ये ग्रेगने 'बी' मूळाच्या जवळची मानली, नंतर पारडं 'ए'कडे झुकलं. आता सांगा, 'मार्लोची बंडखोरी' तुम्ही नेमकी कुठून वाचणार?

मृत्यूचंही तसंच. लेस्ली हॉटसन यांनी चौकशीचा लॅटिन अहवाल १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात भांडण बिलावरून झालं असं आहे. पण खोलीत मार्लोखेरीज तिघेच होते: मारणारा इंग्रॅम फ्रायझर आणि दोन साक्षीदार. त्यातला रॉबर्ट पोली तर सरकारी हेर. महिन्याभरात फ्रायझरला राजमाफी मिळाली. कट होता असं यातून सिद्ध होत नाही, आणि भांडण बिलावरूनच झालं असंही नाही. चौकशीत काय सांगितलं गेलं, एवढंच अहवाल सांगतो.

म्हणून आराखडा देण्याआधी दोन कामं करा. कोणती संहिता वापरताय आणि का, हे पहिल्याच प्रकरणात लिहा. आणि चरित्रावरचं प्रत्येक वाक्य अधोरेखित करून विचारा, हे कोणी, कोणासाठी लिहून ठेवलं? मार्लोच्या नास्तिकपणाचा गाजलेला पुरावा म्हणजे रिचर्ड बेन्स नावाच्या खबऱ्याची चिठ्ठी. ती वापरा जरूर, पण खबऱ्याची चिठ्ठी म्हणूनच.

माझं ते वाक्य मी खोडलं. त्याच्या जागी आलेला प्रश्न मात्र अख्खं एक प्रकरण देऊन गेला.