दुखऱ्या पाठीचं स्टँडिंग

रायफल नेमबाजीतल्या तीन पोझिशनपैकी नीलिंगमध्ये गुडघा टेकलेला असतो, प्रोनमध्ये सगळं शरीर जमिनीला लागलेलं असतं आणि दोन्हींत हाताला पट्ट्याचा आधार घेता येतो. स्टँडिंगमध्ये पट्टा चालत नाही. जमिनीशी नातं फक्त दोन तळव्यांचं. हातात 5.5 किलोपर्यंतची एअर रायफल किंवा 50 मीटरसाठी 8 किलोपर्यंतची. एअर रायफलमध्ये 10 मीटरवरच्या टार्गेटातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि त्याच्यावर 75 मिनिटांत 60 गोळ्या. नेमबाजीत याहून देखणी गोष्ट मला माहीत नाही. आणि तिची रचना खरी उलगडते ती पाठ दुखणाऱ्या नेमबाजाकडे पाहताना, कारण धडधाकट शरीर ज्या गोष्टी लपवून ठेवतं त्या तिथे उघड्या पडतात.

आधी मूळ रूप पाहू. उजव्या हाताचा नेमबाज टार्गेटकडे डावा खांदा करून आडवा उभा राहतो. रायफल त्याच्या छातीपुढे, म्हणजे सगळं वजन शरीराच्या पुढच्या बाजूला आणि थोडं डावीकडे. ते तोलायला तो धड मागे आणि उजवीकडे कलवतो, खुबा टार्गेटच्या दिशेने किंचित सरकवतो, खांदे डावीकडे वळवतो आणि डावं कोपर कमरेच्या हाडावर नाहीतर बरगडीवर टेकवतो. आता रायफल हाताने पेललेली नसते. तळहात, मनगट, कोपर, कमरेचं हाड, मांडी, पाऊल अशी हाडांची उतरंड लागते आणि वजन तिच्यातून जमिनीत जातं. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई मानेच्या जोरावर हंडा पेलत नाही, तसंच हे. स्नायू थकतात आणि थरथरतात. हाड थरथरत नाही. नव्या मुलांना प्रशिक्षक पहिल्या महिन्यात जे शिकवतात त्याचा गाभा एवढाच.

पण या सगळ्या रचनेची किंमत कंबर मोजते. मागे वाकणं, बाजूला कलणं आणि पिळणं, या तिन्ही हालचाली एकाच वेळी, एकाच बाजूला, आणि रोज तासन्‌तास. कण्याच्या मागच्या अंगाला मणक्यामणक्यांना जोडणारे छोटे सांधे असतात, त्यांच्यावर हा भार येतो. वर जॅकेट आणि पँट कॅनव्हास-चामड्याची, ताठ. ती थोडा आधार देतात, पण किती द्यायचा याला नियमाचा लगाम आहे. जाडी मोजतात, ताठपणा मोजतात, आणि शरीराची हालचाल जखडणारं कोणतंही साधन वापरायला मनाई आहे. चिकटपट्ट्यांचं टेपिंगही चालत नाही. म्हणजे उसण भरली म्हणून कमरेला पट्टा बांधून फायरिंग पॉइंटवर जाता येत नाही. उपाय काढायचा तो शरीराच्या मांडणीतूनच. मला हा नियम कठोर वाटतो आणि तरी आवडतो. त्याच्यामुळेच पोझिशन बदलणं ही कलाकुसर झाली आहे.

पुण्यातल्या एका रेंजवर एक ज्येष्ठ नेमबाज सराव करतात. सगळी पोरं त्यांना ताई म्हणतात, मीही म्हणतो. कमरेचे मणके बिघडले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना मागे वाकणं कमी करायला सांगितलं. स्टँडिंग करणाऱ्याला हे सांगणं म्हणजे गवयाला षड्‌ज सोडून गा म्हणण्यासारखंच वाटावं; पण ताईंनी काय केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे.

पहिला बदल रायफलखाली. हात आणि रायफलच्या मधला आधाराचा ठोकळा त्यांनी उंच करून घेतला. कल्पना साधी आहे, पण परिणाम लांबवर जातो. ठोकळा उंच झाला की हात रायफलपासून खाली येतो, हात खाली आला की कोपर खाली येतं, आणि कमरेच्या हाडापर्यंत पोचायला धडाला मागे झुकावं लागत नाही. ज्यांचं धड लांब आणि दंड आखूड, त्यांच्या पाठीचं अर्धं दुखणं या चार बोटांच्या अंतरात असतं. मग साइट उंच केली, खांद्याला टेकणारी बट प्लेट खाली सरकवली. त्यामुळे डोकं रायफलवर वाकवावं लागत नाही, मान सरळ राहते. मान वाकली की तिचा हिशेब कंबर चुकता करते, हे ताईंचं आवडतं वाक्य.

दुसरा बदल पायांत. पूर्वी त्यांची पावलं फायरिंग लाइनला अगदी समांतर असत. आता डावं पाऊल टार्गेटकडे जरासं उघडलेलं असतं. पाऊल उघडलं की खुबा वळतो आणि खांद्यांना कमरेवर कमी पिळावं लागतं. इथे मोह आवरावा लागतो. फार उघडलं तर खुबा कोपराखालून निसटतो आणि हाडावर हाड बसत नाही. ताईंनी जमिनीवर खडूने रेघ मारून कित्येक आठवडे ते अंश शोधले. गुडघ्यांचंही तसंच. गुडघे मागे ताणून कुलूप लावलं की ओटीपोट पुढे कलतं आणि कमरेची खोलगट कमान वाढते. त्या गुडघे सरळ ठेवतात, पण ताणत नाहीत. मागून पाहिलं की पँटच्या पट्ट्याची रेघ जवळजवळ आडवी दिसते. त्यांच्या पोझिशनचं सगळं सौंदर्य मला त्या रेघेत दिसतं.

पण मला सगळ्यांत मोठी वाटते ती त्यांची दोन गोळ्यांच्या मधली कामगिरी. प्रेक्षकाचं लक्ष नेमाकडे असतं. पाठीचं नुकसान मात्र बहुतेक वेळा नेमात होत नाही. ते होतं रायफल उचलताना आणि ठेवताना, वळून पेलेट घालताना. 60 गोळ्या म्हणजे 60 वेळा उचलणं, शिवाय मोडलेले नेम वेगळे. ताईंनी रायफल टेकवायचा स्टँड शक्य तेवढा उंच केला (खांद्यापेक्षा उंच करता येत नाही) आणि डावीकडे अगदी जवळ आणला. बट खांद्यातच राहतो, नळी स्टँडवर विसावते, पेलेट तिथल्या तिथे घातला जातो, धड वळतच नाही. मग श्वास, मग कंबर जागेवर, मग रायफल, याच क्रमाने. हा क्रम इतका शांत आहे की शेजारच्या पॉइंटवरची मुलं घाईत तीन गोळ्या टाकतात तेव्हा त्यांची एक जाते, आणि तरी वेळ पुरतो. पाच-सहा सेकंदांत गोळी गेली नाही तर त्या नेम मोडतात. न कुरकुरता, पुन्हा पहिल्यापासून. चांगल्या पाठीच्या नेमबाजाला नेम मोडायला शिकवावं लागतं. त्यांना ते पाठीनेच शिकवलं.

हे कुणी जसंच्या तसं उचलू नये, एवढं मात्र बजावून सांगायला हवं. मणक्यांमधली गादी सरकलेल्या माणसाला बहुधा पुढे वाकताना कळ येते आणि मागे कलणं उलट सोसवतं. मागच्या सांध्यांचं दुखणं असेल तर मागे कलणंच नको होतं. दोघांची स्टँडिंग वेगवेगळी होणार. आधी फिजिओ, मग ठोकळा.

पाठीचं हे प्रकरण अभिनव बिंद्रालाही चुकलं नाही. 2006 मध्ये झाग्रेबला जागतिक विजेतेपद मिळवलं त्याच वर्षी पाठीच्या दुखापतीने त्याला दोहाच्या आशियाई स्पर्धेला मुकावं लागलं आणि रायफल दीर्घ काळ बाजूला ठेवावी लागली. त्यानंतर 11 ऑगस्ट 2008, बीजिंग ऑलिंपिक. पात्रता फेरीत 596, चौथा क्रमांक. अंतिम फेरीच्या दहा गोळ्या मी पुन्हा पुन्हा वाचतो: 10.7, 10.3, 10.4, 10.5, 10.5, 10.5, 10.6, 10.0, 10.2, 10.8. दहाच्या खाली एकही नाही. मधल्या तीन 10.5 पाहा. एकच पोझिशन तीन वेळा उभारून तीन वेळा तीच निघणं याला मी रायफलमधलं अक्षर म्हणतो. आठवी 10.0 आणि नववी 10.2 इथे धाप लागल्यासारखं वाटतं, फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीला येतो, आणि शेवटची 10.8. हॅकिनेनची 9.7. एकूण 700.5 आणि भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. शेवटची गोळी सगळ्यांच्या लक्षात राहिली. माझं मन मात्र चौथी, पाचवी आणि सहावी या ओळीवर रेंगाळतं.

याच्या पलीकडचं टोक अवनी लेखराचं. अपघातात मणक्याला इजा होऊन कमरेखाली संवेदना गेल्यावर तिने व्हीलचेअरवरून नेमबाजी केली आणि टोकियो पॅरालिंपिकमध्ये 249.6 गुणांनी सुवर्ण मिळवलं. त्या प्रकाराचं नाव 10 मीटर एअर रायफल स्टँडिंगच आहे. कोपराला टेबलाचा आधार नाही, पायांचा पाया नाही; तरी हाडांची उतरंड तीच, फक्त ती बैठकीपाशी संपते. तिला घडवणाऱ्या सुमा शिरूर या आपल्याकडच्या, स्वतः ऑलिंपिकची अंतिम फेरी खेळलेल्या.

पुन्हा ताईंकडे. त्यांच्या पोझिशनला माझी एक हरकत आहे, आणि रसिकाने ती लपवू नये. आडव्या उभ्या नेमबाजाच्या बाबतीत टार्गेटवरचं डावं-उजवं म्हणजे शरीराचं टाच-चवडा. ताईंच्या कार्डावर वर-खाली गेलेले नऊ क्वचितच, डावे-उजवे मात्र सापडतात. मागे झुकणं कमी केल्यामुळे वजन चवड्यांकडे जातं आणि ते परत आणायला पाय सतत काम करत राहतात. त्यांनी नळीच्या टोकाचं वजन काढून हाताजवळ आणलं ते कमरेसाठी बरोबरच होतं, पण त्याने हा झोका थांबत नाही. मला वाटतं, रायफलच छातीच्या आणखी जवळ यायला हवी. ती जितकी आत, तितकं धड मागे न्यायची गरज कमी. मी हे त्यांना बोललो. त्यांनी वाद घातला नाही, गाल टेकवायच्या चीकपीसचा स्क्रू सैल केला, बट प्लेट एक खूण आत घेतली आणि रिकामी रायफल खांद्याला लावून ड्राय फायर सुरू केलं. डोकं आता पूर्वीपेक्षा सरळ होतं, टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या होत्या. गोळ्या घालून कार्ड काढणं त्यांनी पुढच्या आठवड्यावर ठेवलं आहे. तोवर पाठ काय म्हणते ते आधी बघायचं, असं त्यांचं म्हणणं.