त्याग, संसार आणि हिशेब : ‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती अर्थविचाराचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :
ख्रिस्ती धर्मविचारात धनाविषयीची दोन सूत्रे शेजारीशेजारी नांदतात. लूकच्या शुभवर्तमानातील दरिद्री विधवा आपली सारी उपजीविका मंदिराच्या भांडारात टाकते. तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्वकीयांची तरतूद न करणाऱ्याची कठोर निर्भर्त्सना आहे. पहिले सूत्र सर्वस्वदानाचे, दुसरे गृहकर्तव्याचे. लक्ष्मीबाई टिळक यांच्या १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही दोन्ही सूत्रे एकाच संसारात समोरासमोर येतात. प्रस्तुत लेखात या संघर्षाचा विचार केला आहे.

विवेचन :
रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे. या निरिच्छतेचा गौरव करताना लक्ष्मीबाईंची कुरकुर केवळ विनोद म्हणून वाचली, तर ग्रंथाचा मर्मभाग हातून निसटतो. बालकवी ठोंबरे टिळकांच्या नगरच्या घरात घरचेच होऊन राहिले. अशा आश्रयाचे श्रेय कवीच्या औदार्याला मिळते. परंतु वाढत्या पानांची चिंता चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीलाच वाहावी लागते. लक्ष्मीबाईंची काटकसर ही टिळकांच्या दातृत्वाची विरोधक नसून त्याचा पाया आहे. एकाने स्वेच्छेने स्वीकारलेले दारिद्र्य दुसऱ्याच्या वाट्याला न विचारता येते, हा नैतिक प्रश्न त्या कोठेही उपदेश न करता उभा करतात.

अर्थात, हे कथन एकपक्षी आहे, हे विसरता येत नाही. त्यातील टिळक आपल्याला पत्नीच्या दृष्टीतूनच दिसतात. तथापि, त्या दृष्टीत कटुता नाही; लक्ष्मीबाई स्वतःही अनाथ मुलांना जवळ करतात. त्यांचा आक्षेप दानाला नसून बेहिशेबीपणाला आहे.

या संदर्भात बारामती-इंदापूर परिसरालगतच्या दौंड तालुक्यातील केडगावचे उदाहरण उद्बोधक ठरते. शारदा सदनाला अमेरिकेतून मिळणारे साहाय्य दहा वर्षांपुरते होते. ते संपण्यापूर्वीच पंडिता रमाबाईंनी उत्पन्नाचे साधन म्हणून तेथे शेतजमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळातील मुली आल्या, तेव्हा हीच जमीन त्यांचा आसरा झाली. ईश्वरावर भिस्त ठेवूनही रमाबाईंनी शेती, विणकाम व छापखाना उभारला. येथे श्रद्धा आणि तरतूद परस्परविरोधी राहत नाहीत.

निष्कर्ष :
साधी राहणी व दान यांचे मूल्यमापन केवळ देणाऱ्याच्या मनोवृत्तीवरून करणे अपुरे आहे. त्या दानामागे कोणाचे श्रम आहेत आणि त्या व्यक्तीची संमती घेतली होती काय, हेही पाहिले पाहिजे. ‘स्मृतिचित्रे’ हा निकष मराठी समीक्षेच्या हाती देते. संतचरित्रांपासून समाजसेवकांच्या आत्मकथनांपर्यंत, त्यागाची थोरवी सांगणाऱ्या सर्वच लेखनाला तो लावून पाहण्याजोगा आहे.